रॉबिन गोरी कधी झाली?

मागच्या अंकात 'वन पीस' या समुद्री चाच्यांच्या जपानी मालिकेवर जो लेख होता त्यात निको रॉबिनची दोन चित्रं शेजारी शेजारी छापली होती, एक जुन्या भागांतलं, अलाबास्ता या वाळवंटी देशातल्या कथेचं, आणि एक आत्ताचं, आणि खाली ओळ एवढीच की "रॉबिन, तेव्हा आणि आता". झालं. लेख राहिला बाजूला आणि सगळी पत्रं त्या दोन चित्रांवर, कारण एकीत ती चांगली गव्हाळ-सावळी आणि दुसरीत गोरीपान. त्यामुळे या वेळी दुसरे प्रश्न घेतलेच नाहीत. पत्रं थोडी छाटलीयेत, शिव्या पूर्ण काढल्यात, नावं टाकलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मी लॉकडाऊनमध्ये वन पीस बघायला घेतलं आणि रॉबिन माझी एकदम फेवरेट, कारण मी पण सावळी आहे आणि अशी शांत, पुस्तकं वाचणारी, सगळ्यांपेक्षा हुशार सावळी हिरोईन मी कुठे बघितलीच नव्हती. मग तो दोन वर्षांनंतरचा भाग आला आणि ती एकदम पांढरीफटक! मला आधी वाटलं आमच्या टीव्हीचं सेटिंग बिघडलं. खरंच बदलली का, आणि कुणी बदलली? (अकरावी, सातारा)

उत्तर : टीव्ही ठीक आहे गं तुमचा. बदल खरा आहे आणि तू म्हणतेस तिथेच आहे. अ‍ॅनिमेत म्हणजे टीव्हीवरच्या मालिकेत रॉबिन पहिल्यांदा आली २००१ मध्ये, मिस ऑल संडे या नावाने, ती जांभळी काउबॉय टोपी घालून, क्रोकोडाइल या खलनायकाची पार्टनर म्हणून. तेव्हापासून जवळजवळ दहा वर्षं ती मालिका बनवणाऱ्या तोएई अ‍ॅनिमेशनने तिला सावळाच रंग दिला, लहानपणीच्या फ्लॅशबॅकमध्येसुद्धा, म्हणजे वाळवंटात फिरून रापलीये असलं काही कारण नव्हतं, तिचा रंगच तो. मग कथेत दोन वर्षांची उडी येते, टाइमस्किप म्हणतात तिला, जहाजावरचे सगळे पांगलेले परत साबाओडी बेटांवर भेटतात, त्यातला ५१७ वा भाग जपानमध्ये ऑक्टोबर २०११ ला लागला, आणि तिथून पुढची रॉबिन गोरी. केस लांब, कपाळावरची बट गेली, डोक्यावर गॉगल आला आणि रंग दुसराच. गंमत म्हणजे फ्रँकीचं शरीर केवढं बदललं त्यावर सगळे जहाजभर चर्चा करतात, झोरोचा एक डोळा मिटलेला दिसतो, रॉबिनच्या रंगाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही, जणू ती कायम अशीच होती.

आता कुणी बदलली ते सांगते, कारण हे कसं होतं ते बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. मी स्वतः काही वर्षं एका अ‍ॅनिमेशन स्टुडिओत रंगाच्या डिपार्टमेंटला काढलीयेत. तिथे प्रत्येक कॅरेक्टरचं एक कलर मॉडेल असतं, समोरून, पाठीमागून उभं चित्र आणि प्रत्येक भागातून बाण काढून त्याचा रंग दिलेला, केस हा, केसांची सावली हा, अंगाचा मूळ रंग हा, अंगाची सावली हा, रात्रीच्या सीनला वेगळं मॉडेल, संध्याकाळच्या सीनला वेगळं. पेंट करणारा माणूस स्वतःचं डोकं अजिबात चालवत नाही, मॉडेलवरून रंग उचलायचा आणि भरायचा, चुकला तर चेकिंगमधून परत येतो. हे सगळं सांगायचं कारण असं की असल्या सिस्टीममध्ये हिरोईन चुकून गोरी होत नाही, दर आठवड्याला तर नाहीच. कलर डिझाइनवाल्यांनी नवीन मॉडेल बनवलं, वरच्यांनी पास केलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ढीगभर हात तेच भरायला लागले.

आणि ते मॉडेल सरकलं कुठे, तर मूळ कॉमिक काढणाऱ्या ओडाच्या रंगीत पानांकडे. एइचिरो ओडा स्वतः जेव्हा रॉबिन रंगवतो तेव्हा ती बहुतेक वेळा फिकटच असते. टाइमस्किपमुळे सगळ्यांचेच कपडे, केस, उंच्या नव्याने ठरत होत्या, त्यात तोएईची रॉबिन ओडाच्या रॉबिनजवळ नेऊन ठेवली. म्हणजे दहा वर्षं दोन रॉबिन होत्या आणि २०११ ला त्यातली एक बंद झाली, तुझी. तुला राग आला असेल तर तो बरोबरच आहे, कुणी तुला सांगितलं की "एवढं काय त्यात" तर त्याला हे पान दाखव.

प्रश्न : मॅडम, तुमच्या अंकाने उगाच आग लावली. मूळ मांगात, म्हणजे कॉमिकात, रॉबिन गोरीच आहे आणि ओडाने स्वतः तिला रशियन म्हटलंय, मग अ‍ॅनिमेने आपली चूक सुधारली तर रडारड कशाला? लोकांना मांगा वाचायचा नसतो आणि मतं मात्र सगळ्यावर असतात. (इंजिनीअरिंगचा तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, पुणे)

उत्तर : तुझी माहिती बरोबर आहे, घाई निष्कर्षात झालीये. आधी ते रशियाचं. वन पीसच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात वाचकांच्या प्रश्नांचा एक कोपरा असतो, एसबीएस म्हणतात त्याला, साधारण हा आमचा आहे तसलाच, फक्त तिथे प्रश्न आमच्याकडच्यापेक्षा जास्त आचरट असतात आणि उत्तरं त्याहून. ५६ व्या पुस्तकात एका वाचकाने विचारलं की ही जहाजावरची मंडळी खऱ्या जगात असती तर कुठल्या देशाची असती, त्यावर ओडाने सांगितलं लुफी ब्राझील, झोरो जपान, नामी स्वीडन, सांजी फ्रान्स, चॉपर कॅनडा, रॉबिन रशिया, फ्रँकी अमेरिका, ब्रूक ऑस्ट्रिया, आणि उसॉप "आफ्रिका". आता आफ्रिका हा देश कधी झाला ते ओडालाच विचारा. सांगायचं काय, तर हे असं हलकंफुलकं उत्तर आहे, चॉपर हा रेनडिअर आहे, त्याचा पासपोर्ट आपण काढत बसत नाही ना. ती कथेत वेस्ट ब्लूमधल्या ओहारा बेटावरची आहे आणि ते बेट सरकारच्या 'बस्टर कॉल' नावाच्या हल्ल्यात जळून गेलं, एवढंच तिचं खरं गाव.

दुसरं, "मूळ मांगात गोरी". मूळ मांगा काळा-पांढरा आहे रे. १९९७ पासून तो शोनेन जंप या साप्ताहिकात दर आठवड्याला येतो, रंगीत पान कधीमधी. काळ्या-पांढऱ्या पानावर अंगाला रंग द्यायचा तर टोन लावावा लागतो, बारीक ठिपक्यांचे कागद, पूर्वी ब्लेडने कापून चिकटवायचे, आता कॉम्प्युटरवर एका क्लिकचं काम, तरी प्रत्येक पॅनेलमध्ये प्रत्येक हात-पाय-चेहऱ्याला लावायचा म्हणजे आठवड्याच्या डेडलाइनला कटकटच, आणि रॉबिनला तर तिच्या शक्तीमुळे नको तिथून नको तितके हात फुटतात. ज्याला टोन नाही तो कागदाच्या रंगाचा राहतो. पानावर झोरोही पांढरा, नामीही पांढरी, लुफीही पांढरा, आणि टीव्हीवर या तिघांचे रंग एकमेकांपासून वेगळे आहेत. म्हणजे कोऱ्या कागदावरून गोरेपणा सिद्ध होत नाही. ओडाच्या रंगीत पानांवरून होतो, तो मुद्दा तुझा मी मघाशीच मान्य केला.

आणि तरीही माझं मत तुझ्या विरुद्धच आहे, का ते सांगते. "मूळ" म्हणजे काय हे फक्त लिहिणाऱ्याच्या टेबलावर ठरत नाही. जगातल्या कितीतरी पोरांनी पुस्तक हातात धरलेलंच नाही, त्यांची रॉबिन ही टीव्हीवरची रॉबिन, एनिएस लॉबीत "मला जगायचंय" म्हणून ओरडलेली ती सावळी बाई, त्या सीनला रडून त्यांनी तिला आपलं मानलं. दहा वर्षं एक चेहरा घरात येतो आणि मग एक दिवस त्या चेहऱ्याचा रंग काढून घेतात आणि म्हणतात हा घ्या खरा, तर लोक विचारणारच ना. तू याला चूक सुधारणं म्हणतोस, ठीक आहे, पण मग मला एक दाखव की गोरी चुकली होती म्हणून सावळी करून सुधारली, एक तरी. सुधारणेची गाडी कायम एकाच स्टेशनला का थांबते? २०१८ मध्ये डिस्नीच्या 'राल्फ ब्रेक्स द इंटरनेट'च्या ट्रेलरमध्ये प्रिन्सेस टियाना उजळ आणि नाक बारीक होऊन आली, लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा तिला परत नीट बनवावं लागलं. टियानाच्या वेळेला तर मूळ सावळं होतं, तिथे कुठे गेलं होतं मूळ?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे, दिवसभर मोबाईलवर कुणाकुणाशी या रॉबिनच्या रंगावरून भांडत असते, परवा जेवता जेवता रडली. कार्टूनच्या रंगावरून एवढं मनाला लावून घेणं बरोबर आहे का? तिला कसं समजवू? (सांगलीची एक आई)

उत्तर : आधी कार्टून म्हणू नका तिच्यासमोर, निम्मं भांडण तिथेच मिटेल. रॉबिन कोण ते तुम्हाला थोडक्यात सांगते म्हणजे तुम्हालाही बोलायला विषय होईल. आठ वर्षांची पोर, इतिहास शिकायची हौस, तिच्या बेटावरचे लोक जुनी अक्षरं वाचायचा प्रयत्न करतात म्हणून सरकार अख्खं बेट जाळतं, ही एकटी जिवंत राहते, आणि पुढे वीस वर्षं डोक्यावर बक्षीस घेऊन, जिथे जाईल तिथे धोका खात, पळत राहते. शेवटी तिला मित्र मिळतात आणि ते तिच्यासाठी थेट सरकारशी लढाई पुकारतात. नववीतल्या हुशार, जराशा एकट्या पडलेल्या मुलीला हे पात्र का आवडेल हे तुम्हाला मी काय सांगावं.

आणि रंगाचं मनाला का लागतं, तर वहिनी, आपल्याकडे तरी हे विचारायला नको. मुलगी जन्मली की पहिला प्रश्न काय असतो? लग्नाच्या जाहिरातीत अजूनही "गोरी, सडपातळ" छापून येतं. ती फेअर अँड लव्हली १९७५ पासून आपल्या कपाटांत होती, २०२० मध्ये नाव बदलून ग्लो अँड लव्हली झाली, ट्यूब तीच फडताळात. तुमच्या मुलीने या सगळ्यात एक बाई अशी पाहिली जिच्या रंगाबद्दल कथेत कुणी काही बोलतच नाही, ती नुसती असते, हुशार आणि देखणी. मग ती पण उजळवली. तुम्ही तिला समजवायच्या आधी एकदा तिच्याकडून समजून घ्या, अलाबास्ताचे दोन-चार भाग तिच्याशेजारी बसून बघा, क्रंचीरोल या अ‍ॅपवर आहेत. मोबाईलवरच्या भांडणाला मात्र वेळ ठरवून द्या, जेवताना तर फोन बंदच, ते रॉबिनसाठी नाही, पचनासाठी.

प्रश्न : जपानी लोकांना हिरोईन गोरीच लागते असं समजायचं का? (नागपूर)

उत्तर : सरसकट नाही. १९९० मध्ये एनएचकेवर 'नादिया' नावाची सिरीज लागायची, गाइनॅक्सची, दिग्दर्शक हिदेआकी आन्नो, पुढे इव्हँजेलियन करणारा तोच. तिची नायिका नादिया, १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात सर्कशीत काम करणारी सावळी मुलगी, ३९ भाग सावळीच राहिली आणि जपानमध्ये तुफान चालली. 'ब्लीच'मधली योरुइची घ्या, 'नागातोरो' घ्या, तिचा रंग पोहण्यामुळे आलेला आणि कपड्याच्या पट्ट्याच्या खुणासुद्धा काढलेल्या. नव्वदच्या शेवटाला टोकियोत शिबुयाच्या पोरी मुद्दाम काळ्या-तपकिरी होऊन फिरायच्या, गांगुरो म्हणायचे, घरचे डोकं धरून बसायचे. म्हणजे सावळा रंग चित्रात येतो, पण बहुतेक वेळा त्याला काहीतरी कारण लागतं, ऊन, खेळ, फॅशन, नाहीतर "परदेशी". बिनकारणाची सावळी नायिका कमी, म्हणून तर टीव्हीवरची जुनी रॉबिन भारी होती.

दुसऱ्या बाजूला गोऱ्या रंगाचं वेड तिथेही आपल्याइतकंच जुनं आहे, रंग उजळवणाऱ्या क्रीमचा धंदा तिथेही मोठा, काओ कंपनीने २०२१ मध्ये आपल्या मालावरून तो "बिहाकु", म्हणजे गोरं-सुंदर, हा शब्द काढायचं ठरवलं तेव्हा केवढी बातमी झाली. आणि जानेवारी २०१९ चं निसिन नूडल्सचं प्रकरण आठवतं का बघा, टेनिसवाली नाओमी ओसाका, आई जपानी, वडील हैतीचे, तिला अ‍ॅनिमे स्टाइलमध्ये जाहिरातीत घेतलं, चित्र काढलं 'प्रिन्स ऑफ टेनिस'च्या ताकेशी कोनोमीने, आणि पडद्यावर आली फिकट अंगाची, भुरक्या केसांची कुणीतरी भलतीच. अहो जिवंत बाई, रोज बातम्यांत दिसते, तिचं असं! कंपनीने माफी मागून जाहिरात मागे घेतली. ओसाका स्वतः फार चिडली नाही, एवढंच म्हणाली की मी सावळी आहे हे उघड दिसतंय, पुढच्या वेळी मला विचारा. काल्पनिक पात्राची अडचण हीच की रॉबिन पत्रकार परिषद घेऊ शकत नाही, तिच्या वतीने फॅन्सच बोंबलतात आणि ते कधी कधी जरा जास्तच बोंबलतात.

प्रश्न : मी फॅनआर्ट काढतो. रॉबिन गोरी काढली तर "व्हाइटवॉश" म्हणून इंग्रजीत शंभर शिव्या आल्या, मग पुढच्या आठवड्यात सावळी काढली तर दुसरी पार्टी आली, म्हणे "ओरिजिनल खराब केलंस". काढायचं तरी काय? (आर्टचा विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : तुला ज्यांनी शिव्या दिल्या त्यांना मी या पानावर जागा देणार नाही, दोन्ही पार्ट्यांना. तोएईला जाब विचारणं वेगळं आणि कोल्हापुरात बसून फुकटात चित्र काढणाऱ्या पोराला झोडपणं वेगळं. २०१९ मध्ये पोकेमॉनच्या 'सोर्ड आणि शील्ड' गेममध्ये नेसा म्हणून सावळी जिम लीडर आली होती, तिला काही जणांनी फॅनआर्टमध्ये उजळ काढलं आणि असाच राडा झाला होता. पण नेसाचं आणि रॉबिनचं एक नाही. नेसा सगळीकडे सावळीच आहे, तिला उजळ काढलं तर लोक "का" असं विचारणारच. रॉबिनची दोन्ही रूपं अधिकृत आहेत. तू फक्त चित्राखाली लिही, टाइमस्किपच्या आधीची का नंतरची, आणि त्या काळाचे कपडे-केस त्या रंगाला जुळव. झुलपं कपाळावर आणि रंग आत्ताचा असं केलंस की मग लोक बोट ठेवतात आणि तिथे ते बरोबर असतात.

दुसरं, तू पाठवलेली दोन्ही चित्रं बघितली. सावळ्या रॉबिनची सावली तू काळा मिसळून केलीयेस, म्हणून ती राख फासल्यासारखी दिसतेय आणि खरं सांगू तर अर्ध्या शिव्या त्यामुळे आल्या असतील. सावळ्या अंगाच्या सावलीला काळा लावायचा नाही. मूळ रंग घे, त्याला लालसर किंवा जांभळटाकडे ने, मग गडद कर. उजेड पडतो तिथे पांढरा नको, पिवळसर-नारिंगी घे, कपाळ, नाकाचा शेंडा, खांद्याचं हाड, बास. घरात कुणी सावळं असेल तर दुपारी खिडकीपाशी बसव आणि बघ, कानाच्या पाळीत केवढा लाल असतो ते. शाळा-कॉलेजात आपल्याला "स्किन कलर" म्हणून जो गुलाबट खडू दिला त्याने सगळ्यांचंच वाटोळं केलंय.

प्रश्न : आमच्या वेळी चांदोबा, अमर चित्रकथा होत्या. द्रौपदी महाभारतात स्पष्ट सावळी सांगितलीये, पण कॅलेंडरात, चित्रांत ती गोरी. आपणच असं करतो, मग जपान्यांना काय नावं ठेवायची? (निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)

उत्तर : सर, नावं दोघांनाही ठेवू की, कुठे कमी पडतायत. रवि वर्म्याचा छापखाना १८९४ ला मुंबईत सुरू झाला, पुढे मळवलीला गेला, आणि तिथून छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी फ्रेममध्ये गेल्या, देवी कशी दिसते हे पिढ्यान् पिढ्या त्या चित्रांवरून ठरलं. फरक एवढाच की आपल्याकडे निदान पुरुषाला सावळं राहायची मुभा आहे, राम सावळा, कृष्ण सावळा, विठोबाला तर सावळा म्हटल्याशिवाय अभंग पुरा होत नाही. रखुमाईला कुणी विचारलं नाही.

प्रश्न : नेटफ्लिक्सच्या वन पीसमध्ये विवी राजकन्या म्हणून एक भारतीय मुलगी घेतली, अ‍ॅनिमेत ती गोरी आणि निळ्या केसांची आहे. सावळीला गोरी केलं तर चूक आणि गोरीला सावळी केलं तर चालतं, हा दुटप्पीपणा नाही का? (ठाणे)

उत्तर : चांगला प्रश्न, पण एक दुरुस्ती, चरित्रा चंद्रन ही तामिळ घरातली ब्रिटिश मुलगी, 'ब्रिजर्टन'च्या दुसऱ्या सीझनमधली. तिचं नाव जाहीर झाल्यापासून तिला जे काही ऐकवलं गेलं त्यातलं निम्मं मी इथे छापूही शकत नाही, आणि ते विवीच्या प्रेमापोटी नव्हतं एवढं नक्की.

आता दुटप्पीपणा. विवीचा देश अलाबास्ता, वाळवंट, उंट, नाईलसारखी नदी, नेफरतारी हे घराण्याचं नाव सरळ इजिप्तच्या राणीवरून उचललेलं. अशा देशाची राजकन्या आणि तिचा बाप, तो कोब्रा राजा सेंधिल राममूर्ती झालाय, हे सावळे असणं यात कथेला धक्का लागतो कुठे? उलट कागदावर जे कोरं सोडलं होतं ते भरलं. जिवंत माणसं घेऊन काढायचं म्हटल्यावर कुणाचा तरी खरा रंग येणारच, निळे केस विगने येतात. रॉबिनच्या वेळेला जे झालं ते वेगळं, एक चेहरा दहा वर्षं दाखवून मग पुसला.

आणि रॉबिनचं बघा, तिच्यासाठी लेरा आबोवा ही रशियात जन्मलेली नटी घेतली. २०२५ मध्ये हे जाहीर झालं तेव्हा सावळ्या रॉबिनचे फॅन हिरमुसले आणि एसबीएसवाले खूश, की बघा रशिया म्हणजे रशिया. मला गंमत याची वाटते की याच खूश झालेल्यांतले काही जण विवीच्या वेळेला म्हणत होते की देशबिश राहू दे, अ‍ॅनिमेत दिसते तशीच पाहिजे. अ‍ॅनिमेत दिसते तशीच हवी असेल तर रॉबिनची कुठली अ‍ॅनिमे, २००१ ची का २०११ नंतरची? यावर मला अजून कुणी सरळ उत्तर दिलेलं नाही, ठाणेकर, तुम्ही द्या, पुढच्या अंकात छापते. मार्च २०२६ मध्ये तो सीझन आला, मला आबोवा आवडली, तो थंडपणा आणि हसू न हसू असं तोंड तिला बरोब्बर जमलंय. तरी मनातल्या मनात मी तिला दोन शेड गडद करून बघितलंच.

प्रश्न : ताई, मुंबई कॉमिक कॉनला मी टाइमस्किपनंतरची रॉबिन करतेय. मी सावळी आहे, मैत्रीण म्हणते दोन शेड उजळ फाउंडेशन लाव नाहीतर लोक ओळखणार नाहीत. ती स्वतः गोरी आहे आणि योरुइची करतेय, ती ब्राऊन पेंट लावणार म्हणते. आणि मला ते जादा हात पण करायचेत, कसे करू? (डोंबिवली)

उत्तर : फाउंडेशन तुझ्याच शेडचं घे, दोन शेड उजळ लावलं की मानेपाशी रेघ दिसते आणि फोटोत चेहरा एकीकडे नि हात एकीकडे. रॉबिन ओळखू येते ती झिपवाल्या जॅकेटने, लांब सरॉंगने, मागे ओढलेल्या काळ्या केसांनी आणि डोक्यावरच्या गॉगलने, विग घेताना कपाळावर बट नसलेला घे एवढं लक्षात ठेव. मैत्रिणीला सांग ब्राऊन पेंट अजिबात नको, दुसऱ्याचा रंग फासून फिरणं वाईट दिसतं आणि तिकडे कुणी बोललं तर दिवस वाया जाईल. जांभळे केस, उंच पोनी आणि नारिंगी जॅकेट केलं की योरुइची झाली, गोरी तर गोरी.

हात आता. दुकानाच्या पुतळ्यांचे सुटे हात मिळतात, हलके फायबरचे किंवा फोमचे बघ, सहा पुरे, जास्त केलेस तर गर्दीत कुणाच्या तरी डोळ्यात जातील. ते येतात त्याच गुलाबट रंगात, आणि ते तसेच लावलेस तर सगळी मेहनत फुकट, तुझ्या खांद्यातून भलत्याच बाईचे हात फुटल्यासारखे दिसतील. आधी बारीक सँडपेपर, मग प्रायमर, मग अ‍ॅक्रिलिकमध्ये बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि थोडा पांढरा मिसळून तुझा रंग बनव, मनगटाच्या आतल्या बाजूला ठिपका लावून वाळू दे आणि मग जुळवून बघ, कारण अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर गडद होतो. बोटांच्या पेरांवर थोडा लालसर हात फिरव. पाठीला शाळेच्या जुन्या दप्तराचे पट्टे वापरून तारेची फ्रेम कर आणि हात त्यावर स्क्रूने बसव, म्हणजे काढता येतील, लोकलमध्ये ते लावून चढू नकोस. पिशवीत नेतानाही बोटं आत राहतील असं बघ, सकाळी सकाळी दादरला रेल्वे पोलिसांना वन पीस समजावत बसावं लागेल.